गोठलेले दव

दिवाळीचे दिवे मालवले आणि आकाशकंदील उतरून माळ्यावर गेले, की नाशिकच्या घराघरांतून ट्रंका उघडू लागतात. आठ-नऊ महिने घडी होऊन पडलेल्या शाली, कानटोप्या आणि गोधड्या अंगणातील उन्हात येतात. त्यासाठी कोणी पंचांग पाहत नाही. एके दिवशी पहाटे नळाखाली धरलेला हात चटकन मागे घ्यावा लागतो, आणि घरातील वडील माणूस म्हणते, "आली हो थंडी!" मुंबईचा मनुष्य कार्तिकातही पंखा लावून निजतो, पण तोच मनुष्य कसारा घाट चढून वर आला आणि नाशिकरोडच्या फलाटावर उतरला, की हातरुमालाने कान झाकून घेतो. दोन्ही शहरांत अंतर ते केवढे! पण एक समुद्राच्या मांडीवर बसलेले, तर दुसरे सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे, समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर. समुद्र दिवसाची ऊब रात्रीसाठी सांभाळून ठेवतो. नाशिकजवळ तसा सांभाळणारा कोणी नाही.

थंडीतील नाशिक पाहावे ते पहाटे आणि गोदाघाटावर. रामकुंडाच्या पाण्यावरून वाफ निघत असते. नवख्या माणसाला वाटते, नदीखाली कोणी चूल पेटवली की काय! खरे पाहता पाणी ऊन झालेले नसते. हवाच त्याच्याहून फार थंड झालेली असते. पाण्यातून निघालेली वाफ त्या गार हवेत शिरताच बारीक थेंबांची होते, आणि तिचे पांढरे पदर घाटाच्या पायऱ्यांवरून सरकत राहतात. नारोशंकराच्या देवळाचे शिखर वर दिसते, खालचे देऊळ मात्र धुक्यात गेलेले असते. एखादा यात्रेकरू पायरीवर उभा राहून पाण्याकडे बघतो, मागे सरतो, पुन्हा बघतो आणि शेवटी देवाचे नाव घेऊन एकदाचा आत शिरतो. बाहेर येतो तेव्हा त्याच्या अंगातूनही वाफा निघत असतात. रस्त्याच्या कडेला चहाच्या गाड्याभोवती माणसांचे कोंडाळे जमते. चहा पिण्याआधी पेला दोन्ही हातांत धरून ठेवण्यात जे सुख आहे, ते उन्हाळ्यात लाख रुपये दिले तरी मिळायचे नाही.

घरातही या दिवसांत स्वयंपाकघर ही सर्वांत आवडती खोली होऊन बसते. तव्यावर बाजरीची भाकरी फुगते, निखाऱ्यावर वांगे भाजले जाते, आणि एरवी दहा हाका मारल्याशिवाय जेवायला न येणारी मुले चुलीशेजारी आपण होऊन पाट मांडतात. संध्याकाळी मळ्यातून हरभऱ्याचे डहाळे येतात. घाटे सोलता सोलता बोटांना आंब लागते, ती चाटण्यात निम्मी मौज. या थंडीला लोक 'गुलाबी' म्हणतात. हे विशेषण ज्याने शोधून काढले, तो त्या वेळी गोधडीत बसलेला असावा, यात शंका नाही.

कारण ही थंडी नेहमीच गुलाबी नसते. ७ जानेवारी १९४५ रोजी नाशिकचा पारा ०.६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. उत्तरेकडे हिमालयात हिमवृष्टी झाली आणि तिकडून कोरडे वारे दख्खनकडे वाहू लागले, की नाशिक जिल्ह्याला ते आधी गाठतात. आणि जिल्ह्यातही सर्वांत आधी हुडहुडी भरते ती निफाडला.

निफाड म्हणजे गोदावरी व कादवा या नद्यांच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा तालुका. तेथे कुंदेवाडी या गावी गव्हाचे संशोधन केंद्र आहे. हिवाळा आला, की त्या केंद्रातील तापमापकाकडे साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष लागते. वर्तमानपत्रांतून महाबळेश्वरच्या बरोबरीने निफाडचा आकडा छापून येतो, आणि पुष्कळदा या सपाट मुलखाचा आकडा त्या डोंगरावरच्या गावापेक्षा खाली असतो! डोंगर अधिक थंड असावा, हा आपला नेहमीचा समज. पण थंड हवा जड असते. वारा पडलेल्या रात्री ती पाण्यासारखी उतारावरून खाली सरकते आणि सखल खोऱ्यात येऊन साचते. निफाडच्या मळ्यांत अशा रात्री थंडीचे तळेच भरलेले असते म्हणा ना.

नाशिकच्या जुन्या वस्तीत राहणाऱ्या एका शाळकरी मुलाला या तळ्याची काही कल्पना नव्हती. त्याचे मन भलतीकडेच गुंतले होते. शाळेच्या ग्रंथालयातून त्याने उत्तरेकडील देशांविषयीचे एक पुस्तक आणले होते आणि ते तो पांघरुणात शिरून वाचीत असे. तेथे म्हणे रात्री निजताना अंगण काळे असते आणि सकाळी खिडकी उघडावी तो सारे पांढरे! छपरे पांढरी, कुंपणे पांढरी, निष्पर्ण झाडांच्या फांदीफांदीवर पांढरी किनार. आणि सर्वत्र शांतता. कारण ताज्या, भुसभुशीत हिमात आवाजही शोषला जातो, गाडीची चाकेसुद्धा वाजत नाहीत. मुले लाकडी घसरगाड्या घेऊन टेकडीवर धावतात. जपानात साप्पोरो नावाचे शहर आहे. तेथील शाळकरी मुलांनी १९५० साली ओदोरी बागेत हिमाच्या सहा मूर्ती उभ्या केल्या, आणि त्यातून पुढे तेथे दरवर्षी मोठा हिमोत्सव भरू लागला. मोठ्या माणसांच्या उत्सवाचा आरंभ शाळकरी मुलांनी करून द्यावा, ही गोष्ट त्या मुलाला फार आवडली होती.

त्याहूनही त्याला आवडला होता तो विल्सन बेंटले. अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतातला हा शेतकऱ्याचा मुलगा. आईने दिलेल्या जुन्या सूक्ष्मदर्शकातून त्याने एकदा हिमाचा कण पाहिला आणि त्याचे वेडच त्याला लागले. कण बघावा तर तो वितळून जाई. चित्र काढावे तर पुरे होण्याआधीच नाहीसा होई. तेव्हा त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडला, आणि १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, हिमकणाचे छायाचित्र घेतले. मग आयुष्यभर तो थंडीत कुडकुडत, श्वास रोखून, पिसाच्या टोकाने एकेक कण उचलीत राहिला. पाच हजारांहून अधिक छायाचित्रे त्याने घेतली. शेजारी त्याला वेडा म्हणत. प्रत्येक कण सहा कोनांचा, आणि तरीही एकासारखा दुसरा नाही! त्याच्याही आधी, १६११ साली, केप्लर या थोर ज्योतिषशास्त्रज्ञाने हिमकणांवर एक छोटे पुस्तक लिहिले होते. नववर्षाला मित्रास काय भेट द्यावी या विचारात तो प्राग शहरातील पुलावरून चालला होता. तोच त्याच्या कोटावर हिम पडले, आणि त्याच्या मनात प्रश्न उभा राहिला : यांना सहाच कोन का? पाच का नाहीत, सात का नाहीत? ग्रहांच्या गतीचे कोडे सोडवणाऱ्या त्या पुरुषाला कोटावरच्या कणाने अडवले. त्याचे पुरे उत्तर मिळायला पुढे तीनशे वर्षे जावी लागली. पाण्याचे रेणू गोठताना एकमेकांशी षट्कोन साधूनच जोडले जातात, हे क्ष-किरणांच्या साहाय्याने विसाव्या शतकात कळले.

हे सारे वाचून तो मुलगा पुस्तक मिटी आणि खिडकीबाहेर पाही. बाहेर तेच नाशिक, तोच म्युनिसिपालिटीचा दिवा. आपल्या नशिबी नुसती थंडी यावी आणि हिम येऊ नये, हा त्याला मोठाच अन्याय वाटे.

डिसेंबर २०१८ च्या अखेरीस नाताळच्या सुटीत तो मामाकडे निफाडला गेला. मामाचा मळा कुंदेवाडीपासून फार दूर नव्हता. चार एकर द्राक्षबाग, थोडा कांदा. त्याच आठवड्यात थंडीची लाट आली आणि कुंदेवाडीचा पारा २ अंशांच्याही खाली उतरला. मुलाला तो आकडा ठाऊक नव्हता. त्याला एवढेच ठाऊक होते, की दोन गोधड्या घेऊनही पायांची बोटे गरम होत नव्हती. उजाडताच तो दार उघडून बाहेर आला, आणि उंबऱ्यावरच थबकला.

बांधावरचे गवत पांढरे झाले होते. कडब्याची गंज वरून पांढरी, मामाच्या मोटारसायकलची बैठक पांढरी, ठिबकच्या काळ्या नळ्यांवर पांढऱ्या टिकल्यांची ओळ. सूर्य अजून क्षितिजाखालीच होता. त्या निळसर उजेडात सारा मळा कोणी पिठीसाखर चाळून ठेवल्यासारखा दिसत होता. मुलाने वाकून गवताच्या पात्यावर बोट ठेवले. थेंब हलला नाही. दव नेहमी बोट लागताच पसरते. हा थेंब काचेच्या मण्यासारखा जागच्या जागी घट्ट बसून राहिला.

"मामा! बर्फ पडला! अहो मामा, बाहेर या ना, बघा तरी!"

मामा बाहेरच होते; तो उठण्याच्या कितीतरी आधीपासून होते. डोक्याला मफलर गुंडाळलेले, डोळे धुराने लाल झालेले, असे ते बागेच्या ओळीतून आले. "भाचेबुवा, हा बर्फ नव्हे," ते म्हणाले, "दव गोठले आहे." आणि ते पुन्हा बागेत वळले.

त्यांच्या बोलण्यात आनंदाचा लवलेशही नव्हता, हे मुलाच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

मामांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. हिम वर ढगात तयार होते. तेथे वाफ पाण्याची पायरी वगळून एकदम स्फटिक बनते आणि तरंगत खाली येते. निफाडला ढग कुठला? उलट आकाश निरभ्र असते म्हणून तर हे घडते. दिवसभर मिळालेली उष्णता जमीन, गवत आणि पाने रात्री आकाशाकडे टाकीत असतात. ढग असते, तर त्यांनी तिच्यातील काही परत केली असती. तेही नसले, की पाने थंड होत जातात, भोवतीच्या हवेपेक्षाही थंड. हवेतील बाष्प त्यांच्यावर आधी दव होऊन बसते, आणि पहाटे पहाटे ते दव गोठते. मग पारा तर शून्याच्या वर होता, दव गोठले कसे? तर हवामानाचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, आडोशाला टांगलेला असतो. तो हवेची थंडी सांगतो. गवताचे पाते उघड्या आकाशाखाली निजलेले असते. त्याची थंडी त्याची त्यालाच ठाऊक.

आणि द्राक्षाच्या घडांना ठाऊक. ऑक्टोबरात छाटणी झालेल्या त्या बागेत मण्यांत नुकते पाणी उतरू लागले होते. वर्षभराच्या मेहनतीचे आणि काढलेल्या कर्जाचे फळ आता दोन महिन्यांवर आले होते. अशा वेळी कडाक्याची थंडी पडली, की वेलीची मुळे काम मंद करतात, मण्यांची फुगवण थांबते. पाणी उतरलेले मणी तडकतात, आणि तडकलेला मणी बाजारात कोणी घेत नाही. म्हणून मामा पहाटे तीनला उठून बागेत ठिकठिकाणी शेकोट्या करीत होते. वाळक्या काड्यांवर ओला पालापाचोळा टाकून ते धूर धरीत होते, म्हणजे थोडी ऊब बागेत टिकून राहावी. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते. म्हणून त्याच वेळी ठिबकने पाणीही सोडले होते. उत्तरेच्या देशात मुले ज्या पांढऱ्या सकाळीची वाट पाहतात, ती सकाळ येथे एक माणूस काठीने निखारे ढोसून परतवीत होता.

पांढऱ्या रंगाशी मामांचे पूर्वीचेच वैर होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात भयंकर गारपीट झाली. तेव्हाही शेते क्षणात पांढरीशुभ्र झाली होती, आणि लहान पोरे वाट्या घेऊन गारा वेचायला धावली होती. बागेत घडांचा खच पडला होता. तो पांढरा रंग वितळून गेल्यावर खाली काय उरले, ते मामांनी पाहिले होते.

पण शेजारच्या बांधापलीकडे नजर टाकावी, तर निराळीच तऱ्हा. तेथे गव्हाचे शेत होते, आणि त्याचा मालक कमरेवर हात ठेवून मोठ्या समाधानाने उभा होता. गव्हाला थंडी मानवते. तो याच दिवसांत फुटवे धरतो, आणि जितकी थंडी टिकेल तितका दाणा चांगला भरतो. हरभऱ्याचेही तसेच. एका बांधाच्या दोन बाजूंस तेच दव पडले होते. उत्तरेतही हाच प्रकार आहे. तेथे शेतकरी शरदात गहू पेरतात आणि मग हिमाची वाट पाहतात, कारण हिमाचा जाड थर रोपांवर पांघरुणासारखा बसतो आणि वरच्या जीवघेण्या गारठ्यापासून त्यांना जपतो. हिमाने ऊब द्यावी, हे ऐकताना विचित्र वाटते खरे. पण ज्याला ती ऊब मिळत नाही, त्याला तेच हिम फार कठोर असते. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. तेथला हिवाळा त्यांच्या प्रकृतीस मानवला नाही. १८८६ साली पदवी घेऊन त्या परतल्या त्या क्षीण होऊनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. तेव्हा त्या बावीस वर्षांच्याही नव्हत्या.

बागेच्या टोकाला मजुरांची तीन पाले होती. पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगराळ भागातून ही कुटुंबे दरवर्षी बागांच्या कामासाठी खाली उतरतात. पालासमोर एक मुलगी शेकोटीत काड्या सारीत बसली होती. वयाने ती त्या मुलाएवढीच असावी. अंगावर आईचे जुने लुगडे दुहेरी करून पांघरलेले. मुलगा गवतावर वाकून काय बघतो आहे, हे ती बराच वेळ पाहत होती.

"ते काय बघतोस? इकडे ये," ती म्हणाली.

तिने त्याला बाभळीच्या झुडपाशी नेले. दोन काट्यांच्या मध्ये कोळ्याचे जाळे होते. त्याच्या एकेका तंतूवर गोठलेल्या दवाचे मणी ओवले गेले होते; मधोमध बारीक, कडेला टपोरे. नेमका त्याच वेळी सूर्याचा पहिला किरण आडवा आला, आणि ते सारे जाळे पेटल्यासारखे झाले. मुलाने बेंटलेसारखा श्वास रोखून धरला. क्षणभराने एक मणी हळूच ओला झाला, घसरला आणि शेजारच्याला मिळाला.

"तुला कसे ग सापडले?"

"रोज चारला उठते मी. पाणी आणायला." तिने खांदे उडवले. "काल याच्याहून चांगले होते."

मुलगा काही बोलला नाही. त्याने आपल्या नव्या स्वेटरच्या बाह्या उगाचच मनगटावरून मागे सारल्या.

दुपारी ऊन चांगले तापले, तेव्हा मामांचा चेहरा जरा सैल झाला. "चल," ते म्हणाले, "तुला बर्फाच्या देशचे पाहुणे दाखवतो." मोटारसायकलवरून ते दोघे नांदूर मध्यमेश्वरला गेले. तेथे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला बंधारा आहे. नद्यांनी आणलेला गाळ साचून साचून त्याच्यामागे उथळ पाणथळ झाली, पाणवनस्पती माजल्या, मासळी वाढली आणि पक्ष्यांना ती जागा गवसली. १९८६ साली ते अभयारण्य झाले. पुढे जानेवारी २०२० मध्ये त्याला महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान मिळाल्याचे जाहीर झाले. पक्षिप्रेमी लोक त्याला 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हणतात.

मनोऱ्यावर चढून पाहावे, तो पाण्यावर बदकांचे थवेच्या थवे. चमच्यासारखी चोच पाण्यात घालून गाळ चाळणारे थापटे, लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक, आणि नारिंगी रंगाचे चक्रवाक. आपल्या जुन्या कवींनी ज्यांच्या विरहाचे इतके वर्णन केले, ते प्रत्यक्षात मोठ्या खुशीत चिखलात चरत होते! उत्तर आशियातील तळी गोठू लागली, की त्यांचे अन्न बर्फाखाली जाते. मग ते दक्षिणेची वाट धरतात. त्यांतील पट्टकादंब हंसाची गोष्ट तर नवल करण्यासारखी आहे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा करडा पक्षी मंगोलिया-तिबेटकडून निघतो आणि थेट हिमालय ओलांडतो. सात हजार मीटर उंचीवरून तो उडत गेल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केली आहे. तेथे हवा इतकी विरळ, की माणूस चार पावले टाकून धापा टाकतो.

"म्हणजे यांनी खरा बर्फ पाहिला आहे," मुलगा म्हणाला.

"पाहिला आहे, म्हणून तर पळून आले," मामा म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

हे उत्तर मुलाच्या मनात बराच वेळ घोळत राहिले. ज्या पांढऱ्या देशाकडे त्याचे डोळे लागले होते, तेथून हजारो पक्षी निफाडच्या चिखलात येऊन सुखावले होते. आणि फाल्गुन-चैत्रात येथील ऊन तापले, की तेच पक्षी पुन्हा तिकडे जाण्यासाठी अधीर होणार होते. कारण हिम वितळल्यावर त्या तळ्यांच्या काठी त्यांची घरटी व्हायची होती. त्यांना दोन्ही देश हवे होते. मात्र दोन्हीकडचे थोडे थोडेच.

त्या रात्री मुलगा हट्टाने मामांबरोबर बागेत गेला. पहाटेचे तीन वाजले होते. आकाशात चांदण्या अशा दाटल्या होत्या, की त्यांच्यामुळेच गारठा वाढत असावा असे वाटे. आणि एका अर्थाने ते खरेही होते, कारण ढग नव्हते म्हणून तर चांदण्या दिसत होत्या. मजूर बापय्ये पालापाचोळा आणून टाकीत होते. मुलाला एका शेकोटीची राखण मिळाली. धूर डोळ्यांत जाई. समोरून अंग भाजे आणि पाठ गोठे. पाठ शेकावी, तर नाक गार पडे. पलीकडच्या शेकोटीशी ती मुलगी होती. जाळ मोठा झाला, की ती ओरडे, "ओले टाक! धूर पाहिजे, जाळ नको!" ओळीओळीतून धूर जमिनीसरपट पसरत गेला, आणि चांदण्यांच्या उजेडात ती बाग गोदाघाटावरच्या धुक्यासारखी दिसू लागली. हे दृश्य सुंदर आहे असे मनात येताच मुलाने चोरून मामांकडे पाहिले. मामा एका घडावर विजेरीचा झोत टाकून मणी बोटांनी चाचपीत होते. तडा दिसला नाही, तेव्हा त्यांनी पुढचा घड हातात घेतला.

सकाळी दव पुन्हा गोठले होते, पण कालच्यापेक्षा कमी. मुलाची परतीची बस साडेसातची होती. त्याने मामीकडून स्टीलचा एक डबा मागून घेतला आणि गोठलेल्या थेंबांसकट द्राक्षाचे एक पान अलगद आत ठेवले. वर्गातील मुलांचा सोड, घरात धाकटी बहीणसुद्धा विश्वास ठेवणार नव्हती.

"विरघळेल," ती मुलगी म्हणाली. निरोपाला म्हणून नव्हे, पाण्याची कळशी घेऊन ती तिकडूनच चालली होती.

"मग नेऊ नको?"

तिने थोडा विचार केला. "ने. पाणी तर राहील."

बस निघाली. मुलाने डबा मांडीवर घेतला. मग मांडी ऊबदार असते हे आठवून तो खिडकीच्या गार लोखंडी गजाला टेकवून धरला. वाऱ्याने त्याची बोटे बधिर झाली. चांदोरी आली तेव्हा झाकण उघडून बघण्याचा मोह त्याने महत्प्रयासाने आवरला. नाशिकला घराच्या पायरीवरच त्याने बहिणीला हाक मारली, आणि ती धावत आल्यावर डबा उघडला.

आत हिरवे पान होते, आणि पानाच्या खोलगट भागात पाण्याचा एक थेंब.

"हे काय?" बहीण म्हणाली.

"बर्फ होता," तो म्हणाला. मग त्याने दुरुस्ती केली. "नाही, दव होते. गोठलेले."

तिने थेंबात बोट बुडवले, ते गालाला लावून पाहिले आणि अंग चोरून म्हणाली, "अजून गार आहे!"